न उठवता विणलेली खुर्ची

वेत भिजत घातला की तो मऊ होईपर्यंत माणसाला काम नसतं. तेवढ्यात मी दाढी तरी करतो, नाहीतर बायकोशी भांडतो. त्या दिवशी दाढी झाली होती आणि भांडण नुकतंच रंगात आलं होतं, तेवढ्यात शिंप्याच्या घरून निरोप आला. दादांच्या खुर्चीचा वेत तुटायला लागलाय, हत्यारं घेऊन घरीच या, खुर्ची दुकानात आणता येणार नाही.

दादा म्हणजे तो शिंपी. नुकताच वारला होता. सगळी गल्ली त्याला दादा म्हणायची, त्याच्याहून वयानं मोठा असून मीसुद्धा. माझ्या पँटी तोच शिवायचा आणि दर वेळी एक पाय बोटभर आखूड ठेवायचा. विचारलं की म्हणायचा, पँट बरोबर आहे, तुझाच पाय लांब झालाय. मशीनपुढची त्याची खुर्ची माझ्या हातची. सरळ पाठीची, बिनहातांची, कोपरं मोकळी राहावीत म्हणून. चपला काढून अनवाणी पायांनी मशीन चालवायचा आणि पावलागणिक खुर्ची कुरकुरायची. रस्त्यावरून जाताना आवाज आला की समजायचं, दादा कामावर आहे.

त्या लोकांचा पंथ वेगळा. माणूस जिथं शेवटचा श्वास सोडतो तिथंच तो राहतो म्हणतात, मनातलं फिटेपर्यंत. त्या जागी दुसऱ्यानं बसायचं नाही. त्याला ‘उठा’ असं म्हणायचं नाही. मनातलं फिटलं की घरातली बाई त्याला ‘या आता’ म्हणते, आपण पाहुण्याला दारापर्यंत सोडताना म्हणतो तसं, आणि मग तो उठून जातो. तो बसलेला आहे तोवर घरातली सुई इकडची तिकडे करायची नाही, वाटणीचं नाव काढायचं नाही.

मी असलं काही मानत नाही. खुर्ची मोडल्यावर तिचं बसणं कुठं गेलं, असं कोणी विचारत नाही. माणसाचंही तेच. यावरून दादाची आणि माझी वर्षानुवर्षं जुंपायची. तो टेप गळ्यात टाकून म्हणायचा, मेल्यावर मी याच खुर्चीत बसून राहीन, मग ये बघायला. मी म्हणायचो, बस खुशाल, वीण माझी आहे, टिकेल.

निघताना बायकोनं दारात अडवलं. म्हणाली, दुःखातलं घर आहे, तिथं आपलं शहाणपण पाजळू नका. वेत भिजवता तशी जीभही जरा भिजवून न्या, कोरडी असली की तुमची काडकन मोडते आणि समोरच्याला लागते. चाळीस वर्षांत तिचं मी ऐकलेलं हे पहिलंच.

भर दुपार होती. रस्त्यावर ऊन असं की डांबराचा वास येत होता. शिंप्याच्या घरात शिरलो आणि डोळ्यांपुढे काळोख आला. खिडक्यांवर कोऱ्या कापडाचे तागेच्या तागे सोडले होते. नव्या कापडाचा वास, मशीनच्या तेलाचा वास आणि त्याखाली आणखी एक वास, आजाऱ्याच्या उशीला येतो तसा. खोलीत वाऱ्याचं नाव नव्हतं. भिंतीला टेकून घरची माणसं बसली होती, त्यांत दादाची म्हातारी आत्या. मधोमध मशीन आणि मशीनपुढे ती खुर्ची. तिच्याभोवती सगळ्यांनी जागा सोडली होती, खुर्चीपुढे पाय पसरायला पुरेल एवढी.

वहिनी उठून जवळ आल्या. दादाची बायको. बाई कधी मोठ्यानं बोलल्याचं मी ऐकलेलं नाही. त्या म्हणाल्या, “वेताच्या दोन पट्ट्या तुटल्यात. सगळा वेत खचला तर त्यांना त्रास होईल. त्यांना न उठवता विणून द्याल?”

हसू घशापर्यंत आलं होतं, खोटं कशाला सांगू. रिकाम्या खुर्चीतल्या माणसाला न उठवता खुर्ची विणा! पण मी त्या बाईच्या हातांकडे पाहिलं. काजं करून करून बोटांना घट्टे पडलेले, आणि पदराचं टोक ती बोटांनी असं चाचपत होती, जणू त्यातही कुठं शिवण उसवली आहे. जीभ भिजवून आणली होती तिचा उपयोग झाला. मी म्हणालो, जुनी वीण तशीच राहू दे, खालून नवी घालतो, वरच्याला कळणारही नाही.

मग मी खुर्चीपुढे उकिडवा बसलो. खाली शिरायचं तर जागा हवी. आणि का कोण जाणे, तोंडातून निघून गेलं, “दादा, जरा पाय बाजूला घ्या.”

आत्यानं डोळ्यांना पदर लावला. वहिनींचा चेहरा एकदम सैल झाला. मला वाटलं, चला, एवढ्यानं कोणाला बरं वाटत असेल तर माझ्या बापाचं काय जातंय. पाठीवर आडवा होऊन मी खाली सरकलो.

आता खालून जे दिसलं ते सांगतो. बैठकीला झोळ पडला होता. वेत जुना झाला की झोळ पडतो, त्यात नवल नाही. पण रिकाम्या खुर्चीचा झोळ मऊ असतो, बोटानं वर ढकलला की जातो. हा जाईना. मी अंगठा लावून रेटलं. वेत ताणलेला होता, चांगला करकरीत ताणलेला, आणि कोमट होता. मी स्वतःला सांगितलं, खोलीत उकाडा आहे, वेत दमट हवेला फुगतो. टोच्यानं भोकं मोकळी करून नव्या पट्ट्या ओवायला लागलो. तोंडावर वेताचा भुसा पडत होता. मग डोक्यावर खुर्ची कुरकुरली. जरा थांबून पुन्हा. पावलागणिक.

माझा हात लागला असेल, असं म्हणून मी हात छातीवर घेतले आणि निपचित पडून राहिलो. खुर्ची कुरकुरतच होती.

तेवढ्यात धाकटा आला. दादाचा धाकटा भाऊ. चपला दारात न काढता आत येणारा माणूस. त्यानं मला पायाला धरून जवळजवळ बाहेर ओढलं आणि इस्त्रीच्या टेबलामागे नेलं.

हा धाकटा कोण, ते सांगायला हवं. आईबाप लवकर गेले, दादानं याला मांडीवर घेऊन भरवलं, मोठं केलं, आपल्या धंद्यात घेतलं. घर दोघांच्या नावावर. धाकट्याला ते विकायचं होतं आणि दादा विकू देत नव्हता. दादाला दम्याचा त्रास. आडवं झालं की घुसमटायचा, म्हणून रात्रंदिवस त्या खुर्चीत बसून असायचा. शेवटच्या दिवशी श्वास पुरेना तेव्हा वहिनींनी धाकट्याला डॉक्टरांकडे पिटाळलं. तो म्हणाला, निघालोच. डॉक्टर पलीकडच्या गल्लीत. हा गेला तो कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे, आणि पाय लांब करून गप्पा मारत बसला. न्हाव्यानंच मला सांगितलं, त्याला बिचाऱ्याला काय माहीत घरी काय चाललंय. सगळं आटोपल्यावर धाकटा घरी आला आणि म्हणाला, डॉक्टर घरी नव्हते, वाट बघत बसलो. डॉक्टर तर दिवसभर घरीच होते. वहिनींना हे कळलं होतं. त्या बोलल्या नाहीत एवढंच.

इस्त्रीमागे त्यानं मला हळू आवाजात सगळा बेत सांगितला. घराला आलेलं गिऱ्हाईक हातचं जाईल म्हणाला. ही माणसं झोळाकडे बघत बसलीत. झोळ गेला, वेत वर आला की म्हणतील दादा उठला. तेव्हा जुना वेत कापून काढ, नवा ढोलकीसारखा ताणून बसव, आणि चारचौघांत सांग की खुर्ची रिकामी आहे. “तू काही मानत नाहीस हे सगळ्यांना ठाऊक आहे,” म्हणाला. “तुझ्या तोंडून आलं की पटेल त्यांना.”

गंमत बघा. तो सांगत होता ते माझंच मत होतं. खुर्ची रिकामीच आहे, हे मी दादाला तोंडावर हजारदा सांगितलं होतं. पण तेच या माणसाच्या तोंडून ऐकताना मला माझंच मत उष्टं वाटायला लागलं. मी म्हटलं, वीण अर्धी सोडता येत नाही, बाजूला हो.

परत येऊन बघतो तर सगळे माझ्याकडे बघत होते. वहिनींनी विचारलं, अगदी सरळ, “तुम्ही खालून पाहिलंत. तुम्हाला काय वाटतं... आहेत ना ते?”

धाकटा भिंतीला टेकून उभा. मान हलवून मला खुणावतोय, सांग. ‘नाहीत’ म्हटलं असतं तर संध्याकाळच्या आत त्या बाईचं सामान रस्त्यावर आलं असतं. ‘आहेत’ म्हणायला जीभ वळेना, दादा असता तर त्यानंच मला जन्मभर त्यावरून चिडवलं असतं. मी भुसा झटकत झटकत म्हणालो, “वहिनी, मी खुर्च्या विणतो. वेतावर ताण आहे, एवढं मला कळतं. कसला, ते मी कोण सांगणारा.”

यात एक अक्षर खोटं नव्हतं. वहिनींनी मान डोलावली आणि खाली बसल्या.

धाकट्याचं डोकं फिरलं. ताण कसला आणि काय, जुना वेत आहे, म्हणाला. रिकाम्या खुर्चीला पाय बाजूला घ्या म्हणता, लाज नाही वाटत? म्हातारीसुद्धा खुळी आणि हा थेरडासुद्धा खुळा. खुर्चीच्या पाठीवर थाप मारून तो म्हणाला, रिकामी आहे, रिकामी, दिसत नाही का कोणाला.

वहिनींनी मांडीवर एक सदरा घेतला होता, दादानं अर्धवट शिवलेला. त्याची घडी घालत, वर न बघता त्या म्हणाल्या, “मग बसा ना, भाऊजी.”

त्यांच्यात तिथं बसायचं नसतं हे त्या घरातल्या लहान पोरालाही ठाऊक. आत्या ‘अगं’ म्हणून अर्धी उठली. वहिनींनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. धाकट्यानं सगळ्यांकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे बघून हसला, आणि बसला.

वेत खाली गेला. झोळ होता त्याहून खाली, जमिनीकडे. माझी नवी वीण मध्ये नसती तर फाटलाच असता. धाकटा हसतच होता. मग हसू तोंडावर तसंच राहिलं आणि डोळ्यांतून निघून गेलं. त्याची पाठ ताठ झाली. दोन्ही हात अंगाला चिकटले, कोपरापासून खाली, जसं लहान पोराला मांडीवर घेऊन कोणी मागून कव घालावी. खुर्चीला हात नाहीत, मघाशी सांगितलंच. त्यानं उठायचा प्रयत्न केला तो मला नुसता मानेत दिसला.

“दादा,” तो म्हणाला. आवाज बारीक, पोरासारखा. “दादा... सोड.”

खोलीत कोणी हललं नाही. खिडकीवरचं कापडही नाही. धाकट्याला श्वास पुरेना झाला. आत जाताना शिट्टी, बाहेर येताना घरघर. तो श्वास मी ओळखत होतो, गल्लीतल्या सगळ्यांनीच ऐकला होता तो. आजाऱ्याच्या उशीचा वास एकदम दाटला. आणि खुर्ची कुरकुरायला लागली, पावलागणिक, धाकट्याचे पाय तर जमिनीवर लाकडासारखे रोवलेले.

“निघालोच...” तो म्हणाला. “निघालोच आहे, दादा... डॉक्टरांकडे... हा निघालो...”

वहिनींनी सदऱ्याची घडी पुरी केली. बाही आत, कॉलर वर. “किती वेळ लागतो हो, भाऊजी,” त्यांनी विचारलं, “पलीकडच्या गल्लीत जाऊन यायला?”

त्याच्या तोंडाला निळसर रंग चढला होता. तो माझ्याकडे बघत होता. मी वेताची पट्टी बोटाला गुंडाळत उभा राहिलो. पुढं व्हावं, हात द्यावा, असं मला वाटलं नाही. न्हाव्याच्या दुकानात पाय लांब करून बसला होता ना, तेवढा वेळ झाल्याशिवाय मी हलणार नव्हतो. त्याला सोडवणं माझ्या हातात होतं असंही नाही म्हणा.

“न्हाव्याकडे होतो,” धाकटा म्हणाला. “न्हाव्याकडे... गेलोच नाही मी... वहिनी, उठू द्या...”

आत्यानं ते ऐकलं. भिंतीकडेच्या सगळ्यांनी ऐकलं. वहिनी उठल्या. घडी केलेला सदरा मशीनवर ठेवला, पदर सारखा केला, आणि खुर्चीकडे बघून, दारापर्यंत आलेल्या पाहुण्याला म्हणतो तशा मायेनं म्हणाल्या,

“या आता.”

वेत टणकन वर आला. धाकटा खुर्चीतून पुढं फेकला गेला, मशीनच्या पायांशी आपटला. बैठक अशी सपाट, ताणलेली, की मी विणली त्या दिवशीही तशी नव्हती. आत्या रडत म्हणाली, उठला, उठला गं माझा. बाकीचेही रडायला लागले. धाकटा मात्र उठेना. हातांवर भार देऊन कसाबसा उभा राहिला, आणि दाराकडे चालत गेला तो वाकून, मोठं ओझं पाठंगुळीला घेतल्यासारखा. उंबऱ्यावर कुरकुर झाली. उंबरा दगडी होता.

वहिनींनी त्याला ‘या’ म्हटलं नाही. त्यांनी कुणाला म्हटलं होतं ते मला तेव्हा कळलं नाही. धाकट्यानं घराचं नाव पुन्हा काढलं नाही, गिऱ्हाईक आल्यापावली गेलं. वहिनी त्याच खुर्चीत बसून मशीन चालवतात आणि माझ्या पँटचे दोन्ही पाय सारखे शिवतात. मला ते आवडत नाही, पण सांगणार कसं.

पुढे बऱ्याच दिवसांनी, अशाच एका टळटळीत दुपारी, धाकटा माझ्या दुकानात आला. काडीसारखा वाळला होता आणि चालत होता दोन मणांच्या माणसासारखा, पाय घासत. हातात एक खुर्ची, बैठक भोकांसकट फाटलेली. म्हणाला, चौथी आहे ही. ज्याच्यावर बसेन ते मोडतं. खाटेची पट्टी गेली. आता उभ्यानंच झोपतो, भिंतीला टेकून, पण टेकतानाही आधी दुसरं कोणी टेकल्यासारखं वाटतं, माझ्या आणि भिंतीच्या मध्ये. वहिनींच्या पाया पडून आलो, म्हणाला. त्या म्हणतात, मी तर त्यांना ‘या’ म्हटलं, आता कोणाबरोबर जायचं ते त्यांचं ते बघतील.

मी वेत सोलत होतो. वर बघितलं नाही.

मग तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, “तुम्ही मानत नाही ना असलं काही? मग एकदा सांगा ना... काही नाहीये म्हणून. तुमच्या तोंडून आलं की पटेल मला.”

आधी मला तू म्हणायचा. आता ‘तुम्ही’ आलं होतं. दुःखातल्या माणसाशी कसं बोलावं हे बायकोनं शिकवलं होतंच, जीभ भिजलेलीच होती. मी शांतपणे म्हणालो, “मी खुर्च्या विणतो, बाबा. वेतावर ताण आहे, एवढं मला कळतं. कसला, ते मी कोण सांगणारा.”

त्याचे डोळे भरून आले. मला काही वाटलं नाही. आणि सवयीचा गुलाम माणूस, दुकानात आलेल्याला म्हणतो तसं म्हणून गेलो, “बसा.”

तो गिऱ्हाइकांच्या वेताच्या स्टुलावर भीत भीत टेकला. वेत थोडा दबला. मग जरा थांबून, पुन्हा दबला.

मी आजही मानत नाही. कोणी विचारलं तर सांगेन, वेत जुना होता. तेव्हाही मी तेच मनाशी म्हटलं आणि केरसुणी घेतली, कारण दुपारभराचा भुसा सगळीकडे पसरला होता, पिठासारखा बारीक. झाडत झाडत स्टुलापाशी आलो आणि रोजच्यासारखं म्हणालो, पाय बाजूला घ्या.

धाकट्यानं घाबरून दोन्ही पाय उचलले, पार वर, पोटाशी. त्याच्या चपलांचे ठसे भुशात उमटले होते. त्यांच्या मागं आणखी दोन होते, अनवाणी, रुंद, पुढच्या बाजूला जास्त दाबलेले, मशीन चालवणाऱ्याचे असतात तसे. मी केरसुणी धरून थांबलो. ते दोन ठसे जरा डावीकडे सरकले, भुसा आपोआप बाजूला झाला, आणि मला झाडायला जागा झाली.

धाकट्याचे पाय अजून वरच होते.